डाव्या कोपऱ्याची संत्रातुला

धम्मानंद गोंडाणे रिटायर झाला अशी बातमी नागपूरजवळच्या वाडीत आली की लोक एवढंच विचारायचे, "पुन्हा?"

कारण धम्माभाऊ याआधीही रिटायर झाला होता, आणि चांगला वाजतगाजत झाला होता. पंचशील क्रीडा मंडळानं दर वेळी त्याला शाल दिली, नारळ दिला, कोण्या तरी पुढाऱ्याच्या हातून हार घातला, फोटो काढला. आणि पुढच्या हिवाळ्यात कबड्डीचं मैदान आखलं गेलं की हा गडी आपला चड्डी घालून डाव्या कोपऱ्यात हजर! नारळ तर खाऊन संपले, पण शालींचं काय करायचं? त्याच्या बायकोनं, प्रेमिलानं, एक शाल कूलरवर झाकली, एक शिलाई मशीनवर घातली, दोन जोडून गोधडी शिवली आणि उरलेली शेजारच्या म्हातारीला देऊन टाकली. "मानाची शाल देते का वं कोणी?" धम्मानंद कळवळला. प्रेमिला म्हणाली, "मान तुमच्याजवळ ठेवा. थंडी तिले वाजून राहिली."

आता हा डावा कोपरा म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकलेलं बरं. कबड्डीत चढाईला जातो तो हिरो. तो नाचतो, मांडीवर थाप मारतो, टाळ्या त्याला, बक्षीस त्याला, पोरी बघतात तेही त्यालाच. कोपऱ्यातला माणूस मात्र वाकून उभा असतो, पलंगाखाली चप्पल शोधत असल्यासारखा, आणि समोरच्याचा पाय कधी जवळ येतो याची वाट बघतो. पाय आला की दोन्ही हातांनी घोटा धरायचा आणि मग आभाळ कोसळलं तरी सोडायचा नाही. वरून चार जण अंगावर पडतात, तोंडात माती जाते, बोटं उलटी होतात. टाळ्या तेव्हाही दुसऱ्यालाच. धम्मानंदनं हे काम मिसरूड फुटल्यापासून आजपर्यंत केलं. लोक त्याला 'कुलूप' म्हणत. कामठीपासून काटोलपर्यंतचे चढाईवाले मैदानात उतरायच्या आधी विचारून घ्यायचे, "कुलूप हाये का बे आज?" हाये म्हटलं की ते बिचारे सगळी मॅच उजव्या बाजूलाच काढायचे.

पोटापाण्याला तो वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात. आधी हमाल, मग हमालांचा मुकादम. यापेक्षा बरं काही झालं असतं की नाही? झालं असतं ना! जवानीत एकदा कन्हानकडच्या एका कोळसा खाणीच्या टीमसाठी ट्रायल होती. निवड झाली की पक्की नोकरी अन् राहायला क्वार्टर. धम्मानंदनं त्या दिवशी एकाही चढाईवाल्याला परत जाऊ दिलं नाही. काम फत्ते झालं होतं. शेवटी तिथल्या मोठ्या साहेबांना हौस आली. बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाले, "चलो, एक रेड हम भी मारते हैं." बाकीच्या सहा जणांना काय करायचं ते न सांगता कळलं. साहेबांनी हात लावला की हसून बाजूला व्हायचं. साहेब डुलत डुलत परत निघाले आणि जाता जाता त्यांचा पाय डाव्या कोपऱ्याजवळून गेला. झालं! पुढचं जग साहेबांनी जमिनीवरून पाहिलं.

निवड झालेल्यांमध्ये धम्मानंदचं नाव नव्हतं, हे काय सांगायला पाहिजे? गोदामात सगळ्यांनी त्याला धुतला. "अबे, साहेबाचा पाय होता तो!"

"मले काय मालूम," धम्मानंद म्हणाला, "मी वर थोडीच पाह्यतो? मले पायच दिसते."

आणि तो खरंच सांगत होता. असला माणूस.

लग्नातही त्याच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. आदल्या आठवड्यात सेमीफायनल होती, ती काय लग्नासाठी पुढे ढकलता येते? एका हातानं हार घालता येईना तेव्हा नवरीनंच मान खाली केली. प्रेमिला पारशिवनीकडची, शेतकऱ्याच्या घरची, बोलायला फटकळ. लग्नाला महिना झाला नाही तोच मंडळाच्या पोट्ट्यांनी नवरदेवाला हातठेल्यावर टाकून घरी आणलं. गळपट्टीचं हाड मोडलं होतं आणि चेहऱ्यावर हसू होतं, कारण मॅच जिंकली होती. प्रेमिलानं त्या हसण्याकडे पाहिलं आणि दाराच्या आड जाऊन रडून घेतलं. त्या दिवशी तिनं ठरवलं की या माणसाचा खेळ आपण डोळ्यांनी बघायचा नाही. "मोडून आणा, मी सांधीन," ती म्हणायची, "पण मोडतानी मले पाहवत नाही."

तिनं शब्द पाळला. मैदान घरापासून हाकेच्या अंतरावर, गोदामांच्या मागं. मैदानातला माइकवरचा आवाज स्वयंपाकघरात यायचा, तर ही मिक्सर सुरू करायची. तिच्या वाट्याला नुसता उरलेला धम्मानंद आला: सुजलेला, फाटलेला, हळद-चुना लावायला बसलेला. घोटा धरून उभं मैदान थांबवणारा धम्मानंद तिनं कधी बघितलाच नाही. आणि याचं त्याला फार वाईट वाटे. बोलायचा नाही, पण वाटे. सगळ्या जिल्ह्यानं आपल्याला पाहिलं, जिनं पाहावं तिनंच नाही पाहिलं. तिच्या लेखी आपण म्हणजे दर हिवाळ्यात मार खाऊन येणारा एक माणूस, बस.

या वर्षी गुडघ्यांनीच जेव्हा हात जोडले, तेव्हा त्यानं मनाशी पक्कं केलं आणि जेवता जेवता म्हणाला, "या बारीची टूर्नामेंट शेवटची. अगदी शेवटची. पण एक अट हाये. फायनलला तू यायचं."

प्रेमिलानं तवा खाली ठेवला. "खरंच शेवटची?"

"बुद्धाची आण."

"त्याले कायले मधात घेता? येईन मी. पण हे शेवटचं नसलं ना, तर याद राखा."

मंडळाचा सेक्रेटरी कवडू. एके काळी उजव्या कोपऱ्यात खेळायचा, आता माइक सांभाळायचा. धम्मानंद घोटा सोडत नसे तसा कवडू माइक सोडत नसे. त्याला ही बातमी कळली तेव्हा तो विचारात पडला. "शाल नाही द्यायची याले," त्यानं मंडळाच्या बैठकीत सांगितलं. "शालीनं हा परत येते. असं काही करा का माणसाले परत याची शरम वाटली पाहिजे." आणि मग त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. संत्रातुला! फायनलच्या आधी, सगळ्या गर्दीसमोर, धम्माभाऊला तराजूत बसवायचं, दुसऱ्या पारड्यात नागपुरी संत्री टाकायची, आणि भारंभार झाली की ती प्रसाद म्हणून वाटायची. मोठमोठ्या पुढाऱ्यांची होते, आपल्या कुलपाची काहून नाही? संत्री द्यायला श्रीधरभाऊ तयार झाले. श्रीधरभाऊ संत्र्याचे व्यापारी, गोदामामागची ती मोकळी जागाही त्यांचीच, मंडळाला बिनभाड्यानं दिलेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता बघा बाप्पा, त्या बैठकीत पंधरा-वीस डोकी होती. पण ही टूर्नामेंट सत्तर किलो वजन गटाची आहे, आणि अशा टूर्नामेंटमध्ये आपल्याच गड्याला भर मैदानात तराजूत बसवू नये, हे त्यांतल्या एकाही डोक्यात आलं नाही. खुद्द धम्मानंदच्याही नाही. तो तर लाजून लाल झाला होता.

वजन हाच तर त्याचा या वर्षीचा खरा प्रतिस्पर्धी होता. मुकादम झाल्यापासून पोट जरा पुढं आलं होतं. मग काय, भल्या सकाळी स्वेटरवर स्वेटर, त्यावर रेनकोट घालून अमरावती रोडनं पळायचं. ट्रकवाले ओळखीचे, ते खिडकीतून ओरडायचे, "धम्माभाऊ, पानी कहाँ गिर रहा है?" प्रेमिलानं ताटात अर्धी भाकर आणि पालेभाजी, एवढंच सुरू केलं. शेजारी मटण शिजलं की हा गच्चीवर जाऊन उभा राही. वास घ्यायला वजन लागत नाही.

फायनलच्या दिवशी सकाळी मुख्य पंच दत्तोपंत सरांनी सगळ्यांची वजनं घेतली. सर म्हणजे शाळेतले रिटायर झालेले पी.टी.चे मास्तर, माणूस सरळ पट्टीसारखा. गोदामाचा इलेक्ट्रिक काटा. धम्मानंद उभा राहिला आणि काटा सत्तरच्या वर एवढासा गेला. अंगावरची बनियान काढली, तरी तेवढाच. कमरेचा करदोटा तोडला, तरी तेवढाच. कवडूनं न्हाव्याला हाक मारली. डोक्यावरचे केस गेले. काटा हलेना. मग सगळ्यांनी त्याच्या मिशीकडं बघितलं. ती मिशी सगळ्या जिल्ह्यात माहीत होती. धम्मानंदनं डोळे मिटले. मिशी गेली आणि काटा बरोबर सत्तरवर येऊन थांबला. दत्तोपंत सर म्हणाले, "पास." आणि धम्मानंद जो तिथून सुटला तो थेट तर्री-पोह्याच्या गाडीवर. एकदा वजन झालं की मग खायला कोण अडवतं? नियमच तो. आठवडेच्या आठवडे उपाशी राहिलेला माणूस त्या दिवशी दुपारपर्यंत जेवतच होता.

संध्याकाळी मैदान तुडुंब भरलं. फायनल वाडी विरुद्ध पारशिवनी. प्रेमिला बायकांच्या खुर्च्यांमध्ये पहिल्या रांगेत येऊन बसली, कडक इस्त्रीची साडी, पदर गच्च मुठीत. लाकडाच्या टालावरचा मोठा तराजू आणला होता, त्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. एका पारड्यात एक टकला माणूस हार घालून बसला होता.

"आपले कुठी हायेत वं?" प्रेमिलानं शेजारणीला विचारलं.

"तेच तर हायेत तराजूत!"

"अगं माय!" प्रेमिला म्हणाली. "मिशी कोण नेली?"

कवडूचा माइक सुरू झाला. श्रीधरभाऊंचे मजूर पेटी उचलून सुटी संत्री पारड्यात ओतायला लागले. सुटी संत्री दिसायला छान दिसतात म्हणून. "पहिली पेटी! वीस किलो!" कवडू गर्जला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "दुसरी पेटी! चाळीस किलो!" टाळ्या. "तिसरी! साठ!" पारडं जागचं हललं नाही. मजुरांनी चौथी पेटी उचलली, आणि धम्मानंदला सकाळचा सत्तरचा काटा आठवला. त्याला एकदम सगळा घोटाळा समजला. तो अंग चोरून बसला, श्वास धरला, जणू त्यानं वजन कमी होतं. "चौथी पेटी!" धाडधाड संत्री पडली, आणि धम्मानंद अलगद वर उचलला गेला. "ऐंशी किलो! अहाहा! वाडीच्या या वाघाची तुला झाली पुऱ्या ऐंशी किलो संत्र्यानं!"

टाळ्या वाजल्या नाहीत. सगळ्या मैदानावर ही गोष्ट न समजलेला माणूस एकच उरला होता आणि माइक त्याच्याच हातात होता. "वाजवा ना गा टाळ्या!" तो म्हणाला. "ऐंशी किलो!"

पारशिवनीचा कोच गोविंदा सावकाश उभा राहिला. "दत्तोपंत सर, ही टूर्नामेंट किती किलोची हाये?"

सरांचा चेहरा पडला. "सत्तरची. सकाळी मी स्वतः याचं वजन घेतलंय, गोविंदा."

"याचंच कशावरून? एक टकला उभा होता काट्यावर. टकले तर दुनियेत बम हायेत."

गोंधळ उडाला. नियमानं सकाळचं वजन ग्राह्य हे खरं, पण अर्ध्या दिवसात दहा किलो कोण वाढतं? म्हणजे सकाळी नक्कीच भानगड झाली. आता पुन्हा वजन करा, असा पारशिवनीवाल्यांनी कल्ला केला. धम्मानंदला माहीत होतं की आता काट्यावर उभा राहिलो तर मेलो. पोटात काय काय होतं ते त्यालाच ठाऊक. आणि त्याला हेही दिसत होतं की पेट्यांमध्येच काहीतरी गोम आहे. सकाळपासून कितीही खाल्लं तरी पोट काही दहा किलोनं सुटलं नव्हतं. पण बोलणार कसं? श्रीधरभाऊंची जागा, श्रीधरभाऊंची संत्री, आणि भर सभेत त्यांच्याच मापाला खोटं म्हणायचं? तो पारड्यातून उतरला. गळ्यातला हार काढला. "राहू द्या सर," तो हळूच म्हणाला. "मी बसतो. पोट्टे खेळतील." आणि न राहवून त्यानं बायकांच्या खुर्च्यांकडं पाहिलं. एकदा पाहावं तिनं, एवढंच तर मागितलं होतं.

प्रेमिलाला ते बघणं सहन झालं नाही. ज्या माणसाला ती वर्षानुवर्षं घरी बस म्हणत आली, तो आज कोणी तरी बस म्हटलं म्हणून बसत होता, आणि तिच्या अंगाची लाही झाली. ती उठली आणि तरातरा मैदानात आली.

"का हो श्रीधरभाऊ, पेटी वीस किलोची का संत्री वीस किलोची?"

श्रीधरभाऊ गडबडले. "वहिनी, बाजारात वीसचीच पेटी म्हणतात."

"म्हणतात ते मले मालूम हाये. आम्ही चार घरं मिळून दर साली एक पेटी आणतो. वाट्याले पाच-पाच किलो याले पाहिजे. कधीच येत नाही! इतक्या सालापासून मी बिचाऱ्या शेजारणीवर शक घेऊन राहिली. चढवा ते रिकामी पेटी काट्यावर!"

गोदामाचा काटा आणला. रिकामी पेटी ठेवली. दोन किलो.

"पेटीसकट वीस," श्रीधरभाऊ रुमालानं मान पुसत म्हणाले. "बाजाराचा रिवाजच हाये तसा."

"मंग चार पेट्यांचे आठ किलो गेले," प्रेमिला म्हणाली. "यायचं वजन ऐंशी नाही, बहात्तर." आणि मागच्या खुर्च्यांवर एकदम कुजबुज सुरू झाली, कारण दरवर्षी पेटी घेणाऱ्या बायका काही एकट्या प्रेमिलाच्या गल्लीत राहत नव्हत्या. श्रीधरभाऊ खाली बसले.

गोविंदा मात्र हटेना. "तरी दोन किलो उरले ना!"

"ते मले विचारा," प्रेमिला म्हणाली आणि तिनं कवडूपुढं हात केला. कवडूनं माइक दिला. मंडळाच्या इतिहासात ही गोष्ट पहिल्यांदा घडली. "ऐका. काट्यावरून उतरले ते दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले, अन् मंडळाच्या पोट्ट्यासंगं निरोप धाडला का घरून डबा पाठव. मंग वडाभात, वरून तेल. मंग झुणका अन् भाकरी. भाकरी किती ते मी मोजल्या नाही, मोजल्या का नजर लागते. मंग कुठून तरी जिलबी आणली, मले एक धाडली. मंग दोन तांबे मठ्ठा. अन् आत्ता त्या तराजूत बसल्या बसल्या दोन संत्री सोलून खाल्ली, मी पाह्यली."

सगळं मैदान हसायला लागलं. पारशिवनीचे पोट्टेही हसले. धम्मानंदनं तोंडातली बी हळूच मुठीत घेतली.

दत्तोपंत सरांनी शिट्टी वाजवली. "सकाळचं वजन ग्राह्य! दोन किलो जेवण आहे, गुन्हा नाही. खेळ सुरू करा!" आणि जी टाळी मघाशी अडली होती ती आता अशी पडली की प्रेमिला दचकली. एवढे लोक तिच्या नवऱ्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. म्हातारे, ट्रकवाले, अनोळखी पोरं. तिनं पदरानं नाक पुसलं आणि जागेवर जाऊन बसली.

मॅच सुरू झाली. पहिल्या चढाईला प्रेमिलानं डोळ्यांवर हात घेतले. दुसरीला बोटांतून पाहिलं. तिसऱ्या चढाईला पारशिवनीचा एक आडदांड गडी डाव्या कोपऱ्यावर गेला, धम्मानंद खाली गेला, घोटा हातात आला आणि तो आडदांड तिथल्या तिथं खिळला. मैदान ओरडलं, "कुलूप! कुलूप!" प्रेमिला बघतच राहिली. हा तिचा नवरा? घरात साधा सुईत दोरा ओवताना चारदा हुकणारा? "धरलं वं!" ती शेजारणीचा हात दाबून म्हणाली. "पाह्यलं का, कसं धरलं!" मध्यंतरापर्यंत तिची लाज पार गेली होती. "डावीकडून येते, डावीकडून!" ती ओरडत होती. जिनं कधी खेळ पाहिला नव्हता ती आता सात जणांना खेळवत होती. कोपऱ्यात वाकलेल्या धम्मानंदला तो आवाज येत होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्या दुखऱ्या गुडघ्यांना त्या संध्याकाळी काही जाणवलंच नाही. इतका तो सुखात होता.

शेवटची चढाई आली तेव्हा वाडी एका गुणानं पुढं होती. चढाईला आला सौरव. पारशिवनीचा सगळ्यात चपळ पोरगा, प्रेमिलाच्या माहेरच्या गावचा, तिथल्या शेजारणीचा, अंजनाबाईचा मुलगा. लहानपणी प्रेमिलानं त्याला कडेवर घेऊन हिंडवलं होतं. मघाशी माइकवर ती बोलली तेव्हा सौरवनं तिला ओळखलं होतं, आणि पोट्टं मनात ठेवून होतं. तो आला, उजवीकडं झुकला, डावीकडं पाय टाकला, आणि पडलं कुलूप. घोटा दोन्ही हातांत. बाकीचे धावून यायला एक क्षण लागणार होता. एवढा एक क्षण धरला की कप वाडीचा.

तेवढ्यात सौरवनं मान वळवून बायकांच्या खुर्च्यांकडं पाहिलं आणि दम न तोडता, कबड्डी-कबड्डीच्या मधेच जीव खाऊन ओरडला, "आत्या वं! पाय मोडला माह्या! आत्या!"

प्रेमिला ताडकन उभी राहिली. "सोडा जी! अंजनाबाईचं पोट्टं हाये ते! मोडन ना त्याचा पाय! सोडा म्हटलं ना!"

आणि धम्मानंदनं सोडला.

सौरव सरड्यासारखा सरपटला, मध्यरेषेला हात लावला आणि दुसऱ्या क्षणी दोन्ही पायांवर उभा राहून नाचायला लागला. पाय ठणठणीत. तोवर धावून आलेल्या दोघांचाही हात त्याला लागला होता, म्हणजे धम्मानंद धरून तीन गुण पारशिवनीला. शिट्टी वाजली. कप गेला.

कवडूनं आपणहून माइक खाली ठेवला.

मग दोघं घरी निघाले. कवडूनं दिलेली शाल धम्मानंदच्या खांद्यावर होती (कितीही नाही म्हटलं तरी शेवटी शाल दिलीच), आणि तुलेतली एक पिशवी संत्री प्रेमिलाच्या हातात. ओट्यावर टेकल्यावर तिनं विचारलं.

"नाटक करून राहिला होता का तो मुडदा?"

"सगळेच करतात."

"तुमाले मालूम होतं?"

"हाव."

"मंग काहून सोडलं?"

धम्मानंदनं टकलावरून हात फिरवला. "तू म्हटलं ना, सोडा. लग्न झाल्यापासून तुह्य किती आयकलं मी?"

"एक बी नाही."

"मंग म्हटलं, शेवटच्या मॅचले तरी एक आयकावं."

प्रेमिलाचे डोळे भरून आले आणि त्याच दमात तिचा पाराही चढला. "आयकायचं तं घरी आयकायचं माणसानं! इतके साल घरी आयकलं नाही, अन् मैदानात आयकायचं सुचलं? कुलूप म्हणतात म्हणे! बायकोच्या एका आवाजानं उघडलं!" ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, आणि त्यातच मधेच ती एकदा बोलली, अगदी हळू, "काय धरत होते जी तुम्ही. आली नसती तं मी पाह्यलंच नसतं."

धम्मानंद ओट्यावर बसून ते ऐकत राहिला. त्यानं संत्रं सोलायला घेतलं.

जेवायला बसला तेव्हा ताटात पालेभाजी होती, आणि अर्धी भाकर. त्यानं भाजी संपवली, भाकर संपवली, आणि वाट पाहिली. दुसरी आली नाही.

"आता काहून अर्धी वं? झाली ना टूर्नामेंट. रिटायर झालो मी."

प्रेमिलानं नवी शाल हातात घेतली, झटकली, नीट चौघडी घालून कपाटात ठेवली. कूलरवर टाकली नाही. मग तवा उतरवला आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "पुढच्या साली सत्तरच किलोचा गट राहीन ना?"